देणगीसाठी मॅरेथॉन : धावण्याआधीच्या काही शंका

एखाद्या संस्थेला निधी मिळावा म्हणून मॅरेथॉनमध्ये उतरणाऱ्यांची पत्रे शर्यतींचा हंगाम जवळ आला की वाढतात, आणि त्यांतील शंकाही बहुतेक त्याच असतात. म्हणून काहींची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : मी पाच किलोमीटरच्या पुढे कधी धावलेलो नाही. संस्थेमार्फत पूर्ण मॅरेथॉनसाठी नाव दिले आहे. दहा आठवड्यांत तयारी होईल का?

उत्तर : होणार नाही. ४२.१९५ किलोमीटरसाठी नवशिक्याला साधारण १६ ते २० आठवडे लागतात. संस्थेशी बोलून कमी अंतराची शर्यत घ्या. घरात कोणाला हृदयविकार असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर सरावाआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

प्रश्न : प्रायोजकांनी आदल्या दिवशी दिलेले नवे बूट शर्यतीत घालावेत का?

उत्तर : नाही. जाहिरात त्यांची होईल, फोड तुमच्या पायांना येतील.

प्रश्न : नडगीवर एकाच जागी ठणकते. शर्यत तीन आठवड्यांवर आहे आणि थांबलो तर लोकांनी कबूल केलेली देणगी बुडेल. वेदनाशामक गोळी घेऊन धावू का?

उत्तर : अशी पत्रे मला सतत येतात. स्वतःच्या हौसेने धावणारा दुखणे वाढले की थांबतो. दुसऱ्यांसाठी धावणाऱ्याला थांबण्याची लाज वाटते, म्हणून तो दुखणे दडवतो आणि आमच्याकडे येतो तो लंगडतच. अंगठ्याने नडगी वरून खाली दाबत या. दुखणे हाडाच्या आतल्या कडेला वीतभर पसरलेले असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर प्रकरण बहुधा सौम्य असते. बोटाच्या पेराखाली झाकली जाईल एवढ्याच जागी कळ उठत असेल, धावताना वाढत असेल आणि रात्री अंथरुणातही ठणकत असेल, तर मात्र हाडाला बारीक तडा, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, असल्याची शंका घ्यायलाच हवी. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये हा तडा अनेकदा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे चांगला आला’ म्हणून पुन्हा धावायला लागू नये. एमआरआय हवा की नको, ते डॉक्टर ठरवतील. वेळीच थांबल्यास असा तडा बहुधा सहा ते आठ आठवड्यांत भरतो. त्यावर धावत राहिल्यास हाड पूर्ण मोडू शकते. गोळीने कळ थांबते, तडा तसाच राहतो, आणि आयब्युप्रोफेनसारखी गोळी घामाने कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंडांनाही अपाय करू शकते.

राहिली देणगी. कर्करोगामुळे एक पाय गमावलेले कॅनडाचे तरुण टेरी फॉक्स १९८० मध्ये कर्करोग संशोधनाच्या निधीसाठी एका कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला निघाले आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर, कर्करोग फुप्फुसांत पोहोचल्याने, त्यांना थांबावे लागले. त्यानंतर देणग्यांचा ओघ उलट वाढला. तेव्हा संस्थेला आणि देणगीदारांना आजच कळवा, आणि याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांना पाय दाखवा.

प्रश्न : तहान लागण्याआधीच भरपूर पाणी प्यावे, असे बरोबरचे सगळे सांगतात.

उत्तर : सांगोवांगीच्या या सल्ल्याने माणसे दगावली आहेत. अती पाण्याने रक्तातील सोडियम घटते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांत ते कमी आढळले होते. चार तासांहून अधिक वेळ धावणाऱ्यांना, म्हणजे देणगीसाठी उतरणाऱ्या बहुतेकांना, हा धोका जास्त. तहान लागेल तेव्हा प्या. स्पोर्ट्स ड्रिंकच्या बाटलीवर काहीही छापलेले असो, तेही अती प्यायल्यास हेच होते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखे वाटणे, यांपैकी काही जाणवल्यास आणखी पाणी न पिता वैद्यकीय मदत घ्या. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आधीच डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : मी जमवलेल्या पैशांतील किती रक्कम प्रत्यक्ष कामावर खर्च होते?

उत्तर : हा वैद्यकीय प्रश्न नव्हे. संस्थेकडे लेखापरीक्षित हिशेब मागा, आणि तो समजला नाही तर एखाद्या सनदी लेखापालाला दाखवा.