एजंटाले पैसे द्यावे का?

प्रश्न : वकीलताई, माहा पोरगा अमेरिकेत पेट्रोल पंपाच्या दुकानात रातपाळी करते. व्हिसा संपून तीन वर्सं झाले. मागच्या महिन्यात दोघांनी बंदूक लावून गल्ला नेला, त्याच्या डोक्याले आठ टाके पडले. तो म्हणते, पोलिसात गेलो तं मलेच धरतीन. इथला एजंट दोन लाखांत कागद करून देतो म्हणते. कापूस इकून देऊ का?
— एक आई, ता. आर्णी

उत्तर : काकू, कापूस भाव पाहून विका, एजंटासाठी नको. तिथे 2000 सालच्या कायद्याने ‘यू व्हिसा’ आहे. ठरावीक गंभीर गुन्ह्यांत मोठी इजा झालेल्या आणि तपासात मदत करणाऱ्या माणसासाठी तो असतो, तिथे राहायचे कागद नसले तरी. नुसती लूट त्या यादीत नाही, पण शस्त्राने केलेला गंभीर हल्ला बसू शकतो. म्हणून टाक्यांचे दवाखान्याचे कागद जिवापाड जपायला सांगा.

खरी अडचण एका सहीची. पोराने मदत केली, असं तिथल्या पोलिसांनी किंवा सरकारी वकिलाने लिहून द्यावं लागतं आणि सहीपासून सहा महिन्यांत अर्ज जावा लागतो. मुख्य अर्जाला सरकारी फी नाही! वर्षाला 10,000 व्हिसे, त्यामुळे रांग वर्षानुवर्षांची. नुसत्या अर्जाने अटक टळेलच असं नाही, म्हणून त्याची भीती अगदीच खोटी नाही. त्याने आधी तिथल्या इमिग्रेशन वकिलाला गाठावं. काही संस्था हे काम फुकट करतात. आर्णीच्या ठाण्यातली तक्रार या अर्जाला चालणार नाही.