भट्टीवरच्या गरम हवेचा वेग कॅमेऱ्याने मोजता येतो का?

तुम्ही विचारलंय: बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या शेडमध्ये भट्टीवरून चढणारी संथ हवा दोन मीटर रुंदीत मोजायची आहे. थर्मल कॅमेरा भाड्याने आणू का? हेलियमचे बुडबुडे गरम हवेत खाली बसतात म्हणे, ते खरं का?

थर्मल कॅमेरा आणू नका. शेडमधल्या अंतरात त्याला हवा जवळपास दिसतच नाही; पडद्यावर लाल दिसतो तो मागचा पत्रा. बडोद्याच्या मे महिन्यात तर नुसता पत्राच दिसेल.

त्यापेक्षा हवेइतकेच जड, हेलियम भरलेले साबणाचे बुडबुडे झोतात सोडा, उजेड पाडून साध्या कॅमेऱ्याने टिपा आणि दोन फ्रेममध्ये ते किती सरकले त्यावरून वेग काढा. बुडबुडे खाली बसतात हे मात्र साफ चूक आहे, आणि जाणती माणसंही ते ठासून सांगतात. झोतात हवा हलकी होते, तसा आतला हेलियमही तापून त्याच प्रमाणात फुगतो. बाजूला सारलेल्या हवेचं वजन तेवढंच राहतं, म्हणून तोल ढळत नाही. 2 मिमीचा बुडबुडा सेकंदाच्या दहाव्या भागात तापतो. तोल बिघडतो तो साबणाच्या पडद्यामुळे. पडदा 10 टक्के जाड झाला तर 2 मिमीचा बुडबुडा सेकंदाला सुमारे 1 सेमी खाली सरकतो, 0.4 मिमीचा अर्धा मिमी. झोताचा वेग सेकंदाला 15 सेमी असेल तर पहिल्यात 6-7 टक्के चूक. म्हणून बारीक बुडबुड्यांचा नोझलच घ्या आणि बंद काचपेटीत ते तरंगतात की नाही ते आधी बघा. पाणी उडून पडदा हलका झाला की ते वर जातात. द्रावणात ग्लिसरीन त्यासाठीच.

कॅमेरा साधा चालतो. 2 मीटरला 2048 पिक्सेल, सेकंदाला 20 फ्रेम: 15 सेमीच्या वेगाला विस्थापन 7-8 पिक्सेल, म्हणजे 32 पिक्सेलच्या खिडकीच्या (चित्राचा ज्या चौकोनी तुकड्यागणिक एक वेग काढतात त्याच्या) पावभाग. एक्स्पोजर 5 मिलिसेकंद. एलईडी डीसीवरच लावा, नाहीतर 100 हर्ट्झची लुकलुक चित्रात उतरते. आणि झोतापासून दूर ठेवा, तिचा हीटसिंक स्वतःचा झोत उठवतो. बुडबुडा एका पिक्सेलहून लहान उमटला तर वेग पूर्ण पिक्सेलच्या आकड्यांना चिकटतात, तेव्हा फोकस किंचित ढिला करून ठिपका 2-3 पिक्सेलचा करा. चित्रांवरून वेग काढायच्या हिशेबाला पीआयव्हीलॅब किंवा ओपनपीआयव्ही हे सॉफ्टवेअर.

हे सगळं अंधारात. छतातले उजेडाचे पारदर्शक पत्रे झाकले तर छताची उष्णताच बदलते, म्हणून सूर्यास्तानंतर भट्टी चालू ठेवून मोजा; त्या आकड्यांत दुपारच्या तापलेल्या छताचा वाटा नसेल. फरशी साबणाने निसरडी होते, विजेचं पॅनेल झाकून घ्या.