रेघ त्यालाच मारू दे

प्रिय पोरी,

तुझ्या बालवाडीच्या पालकसभेत एका आईने सगळ्यांसमोर विचारलं, "चार वर्षांचा झाला, अजून अ काढत नाही, नुसता चिंध्या घेऊन बसतो." त्यावर सोमवारपासून तू ठिपके जोडायच्या वह्या आणणार म्हणतेस. आणू नकोस.

तुझ्या वर्गातली मुलं सोलापूरच्या पूर्वभागातली. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड नि उर्दू, वर्गात मराठी. कुणाकडे यंत्रमागाचा खडखडाट, कुणाची आई सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळते. अशा पोराने चादरीच्या कारखान्यातलं उरलंसुरलं सूत आधी रंगाप्रमाणे लावलं, मग लांबीप्रमाणे लावलं, मग सगळं मोडून पुन्हा मांडलं. वर्गवारी, क्रम, तुलना, सगळं त्यात आलं. पेन्सिल धरायची बोटंही तिथेच तयार होतात. त्याच्या कामात हात घालू नकोस. चुकतोय असं वाटलं तरी घालू नकोस!

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी या समुद्रकाठच्या गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा महागडी मॉन्टेसरी साधनं परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, खडे, माती यांवर त्यांनी बालवाडी उभी केली. तुझ्याकडे तर सूत आहे, ज्वारीची धाटं आहेत. आता 2020 च्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळातून शिकण्याचा मानला आहे. पण धोरण आलं नसतं तरी मी हेच सांगितलं असतं.

एका वर्षी सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा पाहून आल्यावर माझ्या वर्गातल्या मुलांनी मातीचे आकाशपाळणे केले. वाकडे, पण फिरणारे! संस्थाचालक म्हणाले, "बाई, प्रदर्शनात हे चालणार नाही, तुम्ही नीट करून द्या." मी नकार दिला आणि पुढे ती नोकरीही सोडली. लोक हेकट म्हणाले. वर्ष अर्धवट टाकल्याने ती मुलं माझ्याविना राहिली, ते आजही बोचतं. पण तो पाळणा सरळ करायला माझा हात तेव्हाही उठला नसता, आजही उठणार नाही. मुलाच्या कामात हात घालायचा नाही, एवढं एकच मी आयुष्यभर धरून ठेवलं.

पालक मुलं काढून नेतील ही तुझी भीती खरी आहे. म्हणून त्या आईला शनिवारी वर्गात बोलाव, मुलाशेजारी अर्धा तास बसव. तो काय करतो, ते तिलाच तुला सांगू दे. तिने मध्ये हात घातला, तर तिलाही थांबव.

तुझी,
बाई