स्टारफ्लेक्स हब: आधी रबर बघ
एएस३५० हेलिकॉप्टरच्या स्टारफ्लेक्स हबला (मुख्य रोटरची पाती जिथे बसतात तो मधला भाग) ग्रीस लागत नाही, म्हणून नवखे त्यावर नुसता फडका मारून पुढे जातात. आधी सौम्य साबणपाण्याने पूस. तेल किंवा सॉल्व्हंट मुरलं की स्फेरिकल बेअरिंगचं (रबर आणि धातूच्या थरांचं गोलसर बेअरिंग) रबर फुगतं. खोडरबराच्या चुऱ्यासारखे कण दिसले तर घाबरू नकोस, ती बहुधा वरवरची झीज. रबर धातूपासून सुटलंय का, चीर किती खोल गेलीय, हे टॉर्च तिरपा धरून बघ आणि मेंटेनन्स मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून घे. अंदाजपंचे पास करायचं नाही.

बोल्टभोवती तांबूस भुकटी, टॉर्कची रंगरेघ (बोल्ट आवळल्यावर ओढलेली खूण) तुटलेली? जोड हलतोय. नुसता आवळून मोकळा होऊ नकोस, उघडून भोक आणि त्यातला बुश (धातूची नळी) तपास. स्टारच्या, म्हणजे हबमधल्या ताऱ्यासारख्या भागाच्या, काचतंतूंच्या हातांवर पांढुरका पट्टा दिसला, तर थर सुटल्याचा संशय धर.