पहिलीत गेला, तरी पुन्हा अंथरूण ओलं करतो?

जूनमध्ये शाळा भरल्या की सोलापुरात ही तक्रार हमखास येते. "मॅडम, चांगला सुधारला होता, आता परत गादी ओली करायलाय बघा." निदानही घरीच झालेलं असतं: धाकटी आली म्हणून जळतोय.

मी आधी वय विचारते, मग कधीपासून. पाच वर्षांच्या शंभर मुलांतली पंधराएक रात्री अंथरूण ओलं करतात; त्याआधी तर याला आजार म्हणतच नाहीत. सहा महिने कोरडं राहून पुन्हा सुरू झालं, तर मात्र कारण शोधायचं. पहिल्यांदा बालरोगतज्ज्ञांकडून लघवी आणि साखर तपासून घ्यायची. फार तहान लागते, वजन उतरतंय, असं असेल तर त्याच दिवशी.

यंत्रमाग कामगाराच्या या सहा वर्षांच्या मुलाचे रिपोर्ट चांगले होते. आजी संध्याकाळनंतर पाणी देत नव्हती. घरचे फिरून फिरून बाळावरच येत. तो शाळेचं चित्र काढत बसला होता, तेव्हा विचारलं, "यात संडास कुठाय?"

"तिथं मी जात नाय. बाईंना विचारलं की पोरं हसतात."

"मग घरी?"

"घरी येतच नाय. दोन-तीन दिवसांनी येते."

आईनं चमकून पाहिलं. साचलेल्या मळाचा दाब मूत्राशयावर येतो. मग रात्रभराची लघवी त्यात मावत नाही. बाळाचा संबंधच नव्हता. सहाव्या वर्षी मूल बरोबरीच्यांच्या नजरेतून स्वतःला जोखू लागतं. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सननं या वयाचा झगडा उद्यमशीलता आणि न्यूनगंड यांतला मानला, आणि मला तो रोज दिसतो. तीन वर्षांचं मूल वर्गात बिनदिक्कत ओरडून सांगतं. सहाचं दिवसभर रोखून धरतं.

बद्धकोष्ठाचं औषध डॉक्टरांनी दिलं. ते मध्येच सोडायचं नसतं. नाश्त्यानंतर पाच-दहा मिनिटं संडासात बसवायचं, कमोड असेल तर पायाखाली पाट. दर दोन-तीन तासांनी लघवी. बाईंशी बोलून एक खूण ठरवली, म्हणजे वर्गात विचारायला नको. पाणी तोडायचं नाही, इथल्या उन्हात तर नाहीच. दिवसा भरपूर, झोपताना थोडं. बक्षीस द्यायचं ते वेळेवर बसल्याचं. कोरड्या रात्रीचं नको, ती त्याच्या हातात नसते. ओली चादर निमूट धुवायची, पाहुण्यांसमोर विषय काढायचा नाही.

पोट साफ होऊ लागल्यावर काही आठवड्यांत ओल्या रात्री कमी झाल्या. तसं नाही झालं, तर ओल लागताच वाजणारा अलार्म असतो. तो डॉक्टरांना विचारून लावावा.