एवढा मोठा व्हायरस आणि दिसला नाही?

प्रश्न : व्हायरस साध्या मायक्रोस्कोपमधून दिसतच नाही असं शाळेत घोकलं होतं, आणि आता वाचतोय की काही व्हायरस बॅक्टेरियाएवढे असतात. मग इतकी वर्षं सापडले कसे नाहीत? आणि एवढे मोठे झाले कशाने? आधी पेशी होते आणि मग झिजत झिजत व्हायरस झाले, असं काही आहे का?

उत्तर : अहो सापडला होता की, ओळखला नाही एवढंच. १९९२ साली इंग्लंडात ब्रॅडफर्डला न्यूमोनियाचं कारण शोधताना एका कूलिंग टॉवरचं पाणी तपासलं, त्यातल्या अमिबात गोल ठिपके दिसले, बॅक्टेरिया ओळखायचा ग्रॅमचा रंग लावला तर तोही धरला, मग काय, बॅक्टेरियाच म्हणायचा, बारसंसुद्धा करून टाकलं, ब्रॅडफर्डकॉकस! फक्त प्रत्येक बॅक्टेरियात असतो तो रायबोसोमचा, म्हणजे प्रोटीन बनवायच्या यंत्राचा, जीन याच्यात काही केल्या मिळेना. शेवटी फ्रान्समधल्या मार्सेच्या टीमने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरला तर वीस बाजूंचं कवच, म्हणजे चक्क व्हायरस. २००३ मध्ये जाहीर केलं, नाव मिमीव्हायरस. डीएनए जवळजवळ १२ लाख अक्षरांचा, एचआयव्हीचा सगळा मजकूर १० हजारांच्या आत आटपतो.

खरी गोची चाळणीची होती. व्हायरस शोधायचा तर पाणी ०.२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फिल्टरमधून गाळायचं आणि खाली येईल ते बघायचं, हीच पद्धत. हा गडी अंगावरच्या केसांसकट ०.७ मायक्रॉनच्या आसपास, वरच अडकणार ना.

आता पेशीचं. काहींनी तर याला सजीवांची चौथी शाखाच म्हणून टाकलं होतं, कारण प्रोटीन बनवायच्या यंत्रणेतले थोडे जीन याच्याकडे आहेत. मला ते तेव्हाही जरा घाईचं वाटलं. २०१७ मध्ये ऑस्ट्रियातल्या सांडपाण्यातून क्लोसन्यूव्हायरस या दुसऱ्या मोठ्या व्हायरसचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, मिळाला, असले जीन त्याच्याकडे आणखी जास्त, पण त्यांची वंशावळ काढली तर ते वेगवेगळ्या यजमानांकडून, म्हणजे ज्यांच्या पेशीत शिरतो त्यांच्याकडून, वेगवेगळ्या वेळी उचललेले निघाले. म्हणजे लहानाचा मोठा झालाय, उचलेगिरी करून. पॅन्डोराव्हायरस या आणखी एका मोठ्या व्हायरसचं मात्र कोडंच आहे, २५ लाख अक्षरं आणि बरेचसे जीन दुसऱ्या कुणाशीच जुळत नाहीत, त्यामुळे वाद काही मिटलेला नाही.

जीनोम फुगतो कसा हे लॅबमध्ये बघायला मिळालंय, देवीच्या लशीतल्या व्हॅक्सिनिया व्हायरसमध्ये. माणसाच्या पेशीत पीकेआर नावाचं प्रोटीन असतं, व्हायरस आत शिरला की ते पेशीतलं प्रोटीन बनवायचं कामच बंद पाडतं. या पीकेआरला अडवणारा व्हायरसचा एक जीन शास्त्रज्ञांनी काढून टाकला, उरला के३एल नावाचा दुसरा जीन, तो माणसाच्या पीकेआरपुढे अगदीच लेचापेचा. तर व्हायरसने काय केलं, काही पिढ्यांतच त्या लेच्यापेच्या जीनच्याच कॉप्यांवर कॉप्या काढल्या, एकाने होत नाही तर दहा उभे करा! आणि जास्त कॉप्या म्हणजे चांगला बदल घडायची संधीही जास्त. तसा एका अक्षराचा बदल झाला, तो जीन जोरात काम करायला लागला, आणि मग जादा कॉप्या गळूनसुद्धा गेल्या.