मैदानाखाली पावसाचं पाणी साठवायची टाकी बांधायची तर आधी डिझाइन करायचं की आधी पर्यावरणाच्या परवानग्या घ्यायच्या?

दोन्ही बरोबरीने, आणि तेही टेंडर निघायच्या आधी. "डिझाइन उरकून घ्या, परवानग्या काय, मागाहून येतातच" हे मी इतक्या बैठकांत ऐकलंय की तुमचा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवेना. पर्जन्य जलवाहिन्यांचं डिझाइन हेच माझं काम आहे.

मुंबईजवळच्या एका पालिकेचं काम होतं, नाव लिहीत नाही. खोलगट वस्ती, शेजारी पालिकेचं मैदान आणि पुढे खाडी. भरती आली की पातमुखाचं (नाला खाडीत उघडतो त्या तोंडाचं) फ्लॅप गेट, म्हणजे खाडीचं पाणी उलटं आत येऊ न देणारं झडपेचं दार, बंद होतं, नेमका तेव्हाच जोराचा पाऊस झाला की पाणी घराघरात. मुंबईत हिंदमाता चौकात तुंबणारं पाणी धरायला प्रमोद महाजन कलापार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या झाल्या, तीच कल्पना इथे होती: भरतीत पाणी अडवायचं, ओहोटी लागली की सोडायचं. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. वीस हेक्टरवर तासाला ५० मिमी पडला आणि काहीच जिरलं नाही, तर तासाभरात एक कोटी लिटर. भरतीत गेट काही तास बंद राहतं. एवढं सगळं पाणी एकट्या टाकीच्या पोटात मावेल असं धरून चालत नाही, म्हणून टाकीइतकंच महत्त्व पंपाला आणि पातमुखाला येतं.

तिथेच आमची जुंपली. कार्यकारी अभियंता साहेबांना नवीन पातमुख मैदानातून सरळ खाडीत काढायचं होतं. लांबी कमी, उतार छान, खर्च कमी. पण मधे कांदळवन होतं. मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८ चा निकाल आहे: कांदळवन आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा यांना हात लावायचा नाही, सार्वजनिक हिताचं काम असलं तरी न्यायालयात जाऊन परवानगी घ्यायची. साहेब म्हणाले, लोकांच्या घरात पाणी शिरतंय, याहून मोठं सार्वजनिक हित कुठलं? मुद्दा खरा होता. पण न्यायालयात पहिला प्रश्न विचारतात तो दुसरा मार्ग आहे का हा, आणि दुसरा मार्ग डोळ्यांसमोर होता. जुन्या नाल्याचं तोंड कांदळवनाच्या पट्ट्याबाहेर होतं. तिथून न्यायचं तर लांबी वाढत होती, उतार कमी पडत होता, पाइपचा व्यास वाढवावा लागत होता. मी दोन्ही मार्ग १:४००० च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) नकाशावर टाकून टिप्पणी दिली. भर बैठकीत मला ऐकवलं गेलं की तुम्ही पालिकेकडून आहात की झाडवाल्यांकडून. इतिवृत्तात ते वाक्य आलं नाही. टिप्पणी मात्र फाइलला लागली आणि शेवटी नाल्याचाच मार्ग मंजूर झाला.

दुसरं भांडण टाकीच्या तळाचं. ऐन जुलैत मैदानावर बोअर मारून घेतले होते. टेप खाली सोडला तर मीटरभरावरच ओला झाला, आणि वर आला तो काळपट निळा चिखल माखून. पाच मीटर खोल टाकी रिकामी असताना जमिनीतलं पाणी तिला खालून दर चौरस मीटरला चार टनांनी वर ढकलणार. तळ जाड करा नाहीतर पाइल्सना, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांना, बांधून घ्या, नाहीतर टाकी तरंगेल. "पावसाळ्यात ती भरलेलीच असणार" हा युक्तिवाद कुणी केला तर ऐकू नका. पाऊस येण्याआधी ती रिकामी असली तरच तिचा उपयोग.

आता परवानग्या. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेच्या यादीत पर्जन्य जलवाहिन्या नाहीत, म्हणून नुसत्या त्यांच्यासाठी 'ईसी'च्या, म्हणजे पर्यावरण मंजुरीच्या, मागे धावू नका. किनाऱ्याजवळ असाल तर सीआरझेडची परवानगी, त्यासाठी आपलं राज्याचं किनारा क्षेत्र प्राधिकरण. कांदळवन वन म्हणून घोषित असेल तर वनखातं वेगळं. झाडांसाठी १९७५ चा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड 'हेरिटेज' धरलं जातं, तेव्हा मैदानाच्या कडेच्या पिंपळांची नोंद आधी घ्या आणि टाकीची भिंत मग आखा. आम्ही तशीच आत घेतली होती. आणि रस्त्यावरचं पाणी थेट बोअरवेलमध्ये जिरवायची टूम कुणी काढली तर साफ नाही म्हणा. त्यात तेल असतं, टायरची भुकटी असते, आणि आपल्याकडे बहुतेक नाल्यांत सांडपाणीही असतं. छपरावरचं पाणी जिरवा.

परवानग्यांनी कामं रखडतात म्हणणाऱ्यांनी ब्रिमस्टोवॅडकडे, म्हणजे मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्या सुधारायच्या योजनेकडे बघावं. तो अहवाल १९९३ चा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाल्यावर त्याची खरी आठवण झाली. त्यातल्या आठ उदंचन (पाणी उपसायच्या पंपांच्या) केंद्रांपैकी सहा उभी राहिली, माहुल आणि मोगरा वर्षानुवर्षं अडकून पडली, तीही मुख्यतः जागेच्या तिढ्यात. जागा कुणाची आणि त्यावर काय करता येतं, हे पहिल्या रेघेआधी विचारायचे प्रश्न आहेत, आणि मी त्या बैठकीत तेच म्हणत होते.

हे सगळं किनाऱ्याजवळच्या शहराचं झालं. तुम्ही गाव लिहिलेलं नाही. देशावर असाल तर सीआरझेड विसरा आणि जलसंपदा खात्याकडून नदीची निळी नि लाल रेषा मागवा. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून. निळ्या रेषेच्या आत टाकी येत असेल तर जागाच बदला. आणि तुमचे साहेबही "मागाहून बघू" म्हणत असतील तर तेवढं त्यांच्याकडून फाइलवर लिहून घ्या.